दुसऱ्या कार्यक्रमाला तीस माणसं: तालुक्याच्या गावी गाण्याची बैठक कशी चालवावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. सातारा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. तुम्ही सतार वाजवता. सोबत एक बासरीवाला, एक तबलजी आणि पेटीवर साथ करणाऱ्या एक बाई. चौघांनी मिळून गावात समोरासमोर ऐकायचं गाणं-वाजवणं सुरू करायचं ठरवलं. पहिल्या कार्यक्रमाला पुण्याहून नाव असलेले गायक आणले. मंगल कार्यालय भरलं, चारशे माणसं आली, आणि हिशेबाला बसलात तेव्हा ४६,००० रुपये अंगावर आले होते. तीन महिन्यांनी दुसरा कार्यक्रम केला, त्याला तीस माणसं. आता प्रायोजक शोधावा, तिकीट लावावं की ऑनलाइन दाखवावं, आणि तुम्ही चौघांनी स्वतः कधी वाजवायचं, असं तुम्ही विचारलंय.

मी सांगली-मिरज भागात तबल्याची साथ करतो. आम्ही पाच-सहा वादक मिळून बावीस वर्षं महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एक बैठक चालवतोय. त्यातल्या निम्म्या गोष्टी आधी चुकीच्या केल्या, मग सुधारल्या. तेव्हा जे सांगतोय ते पुस्तकातलं नाही.

दुसरा कार्यक्रम फसला असं तुम्हाला वाटतंय. मला विचाराल तर फसला तो पहिला. चारशे माणसं गायकाचं नाव ऐकून आली होती, तुमच्या बैठकीला आली नव्हती. नाव पुण्याला परत गेलं, त्यांच्याबरोबर माणसंही गेली. ओळखीचं नाव नसताना, तीन महिन्यांनी, पावसापाण्याचं जे तीसजण आले ती तुमची माणसं. त्यांचे फोन नंबर घेतलेत का? नसतील तर आजच बसा, कोण कोण आलं होतं ते चौघांनी आठवून एका वहीत लिहून काढा. ही वही पुढची वीस वर्षं लागणार आहे.

आता जागा. मंगल कार्यालय सोडा. चारशेच्या हॉलमध्ये तीस माणसं बसली की गाणारा पडतो, ऐकणारा पडतो, आणि मागच्या रिकाम्या खुर्च्या दोघांकडे बघत राहतात. तीसच माणसं एखाद्या वाड्याच्या माडीवर, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात किंवा डॉक्टरांच्या बंगल्याच्या दिवाणखान्यात बसवा, जागा भरलेली वाटते. आमची पहिली सात वर्षं एका निवृत्त शिक्षकांच्या माडीवर गेली. जाजम त्यांचं, लोड-तक्के शेजाऱ्यांचे, आणि चहा तळमजल्यावरच्या काकूंचा. माईक नव्हता. साठ-सत्तर माणसांपर्यंत माईक लागत नाही, हे मी साथीदार म्हणून छातीठोक सांगतो. उलट आपल्याकडचे बहुतेक माईकवाले ऑर्केस्ट्राच्या हिशोबाने शिकलेले असतात. त्यांना गळा दिसला की ते एको टाकतात. मग तानेचे दाणे एकमेकांत कालवले जातात आणि डग्ग्याची घुमक नळीतून आल्यासारखी येते. माईक घ्यावाच लागला तर माईकवाल्याला तीन-चार बैठकांना पुढे बसवून बिनमाईकचं ऐकवा. आमच्याकडचा एकजण असाच तयार झाला. आता तो स्वतःहून विचारतो, ‘बंद ठेवू का?’

माडीवर आणखी एक फायदा होतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद झाले. सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चालायचा, पहाटेपर्यंत. या नियमांनंतर त्याच्याही वेळा बदलाव्या लागल्या. दरबारी, मालकंस, अडाणा हे राग मांडवात आता संध्याकाळी तरी ऐकायला मिळतात किंवा मिळतच नाहीत. बंद खोलीत, बिनमाईकचं, शेजाऱ्यांना सांगून, तुम्ही साडेदहाला दरबारी ऐकू शकता. वर्षातून एखादी बैठक मुद्दाम उशिराची ठेवा. आमच्याकडे तीच सगळ्यात आधी भरते.

जागेहूनही मोठी गोष्ट तारखेची. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, जमेल तेव्हा, असं करू नका. महिन्याचा एक वार धरा आणि तो मोडू नका. कलाकार आला नाही, पाऊस आला, क्रिकेटची फायनल आली, तरी त्या संध्याकाळी दिवा लागला पाहिजे. एकदा ऐनवेळी गायकांची गाडी घाटात बंद पडली. जमलेल्या चाळीस माणसांना आम्ही जुन्या ध्वनिमुद्रिका ऐकवल्या, आणि आमच्या पेटीवाल्यांनी दोन तास एकेक राग उलगडून सांगितला. पैसे कुणी परत मागितले नाहीत. पण एका वर्षी गणपतीच्या गडबडीत आम्ही एक महिना गाळला, तर पुढच्या दोन बैठकांना माणसं निम्मी. लोकांना राग आला नव्हता, त्यांची सवय मोडली होती. २०२० मध्ये टाळेबंदीत बैठक बंद पडली तेव्हा दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी सात वाजता आम्ही वही घेऊन बसायचो आणि एकेकाला फोन करायचो. पाच मिनिटं बोलणं, काय ऐकलंत, बरे आहात ना. बैठक पुन्हा सुरू झाली त्या पहिल्या शनिवारी न आलेल्यांची नावं एका हाताच्या बोटांवर मोजता आली, आणि त्यातली दोन माणसं आता या जगात नव्हती.

कलाकार कोण बोलवायचे? नावाच्या मागे धावू नका, हे वर आलंच. पुण्या-मुंबईत, धारवाडात, कोल्हापुरात, गोव्यात तिशीतली उत्तम तयार मुलं-मुली आहेत. त्यांना मोठ्या महोत्सवात वीस मिनिटं मिळतात, तीही मिळाली तर. दोन-अडीच तास सलग, एक राग पूर्ण मांडून गायला त्यांना जागाच नाही. ती जागा तुम्ही द्या. फोनवर स्पष्ट सांगा: मानधन एवढं, माणसं पन्नास, माईक नाही, वेळेचं बंधन नाही. शेवटचं वाक्य ऐकून बरेचजण लगेच हो म्हणतात.

फोनवर आणखी एक विचारा: स्वर कोणता, म्हणजे पेटीवरची कुठली पट्टी ‘सा’ धरून गाणार? हे विसरलात तर पुढचं सगळं वाया. आमची गोष्ट सांगतो. एकदा बोलावलेले गायक आदल्या रात्री आजारी पडले आणि त्यांनी आपल्या शिष्येला पाठवलं. मुलगी तयार होती, पण गात होती काळी चारमध्ये आणि माझ्याकडे होती काळी एकची तबला-डग्ग्याची जोडी. जोडी थोडीफार वर-खाली करता येते. बाजूचे लाकडी गट्ठे ठोकून, चामड्याची वादी ओढून एखादा स्वर चढवता येतो. काळी एकवरून काळी चार म्हणजे साडेतीन स्वर, पुडीच, म्हणजे वरचं कातडंच, फाटेल. साडेसहा वाजलेले. कुणीतरी म्हणालं, विठ्ठल मंदिरातलं भजनी मंडळ पट्टी वर ठेवतं, त्यांच्याकडे असेल. फोन केला. वीस मिनिटांत मंडळाचे तबलजी मोटारसायकलवर आले, तबला गोणपाटात गुंडाळून मांडीत धरलेला. छोट्या तोंडाची पुडी, शाई थोडी उडालेली, गजऱ्याला हळद-कुंकू. मी चाटेवर, पुडीच्या कडेवर, बोट टेकवलं, हातोडीने दोन-चार ठोके मारले आणि तो पेटीच्या काळी चारमध्ये असा बसला की पेटीवाले माझ्याकडे बघून हसले.

माणूस परत निघाला होता. मी म्हटलं, बसा हो. ते दाराशी, चपलांजवळ बसले. त्या मुलीने झपतालात, दहा मात्रांच्या तालात, विलंबित सुरू केलं. पहिल्या दोन-तीन आवर्तनांत ती समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली तेव्हा सगळ्या खोलीत त्यांचं एकट्याचं ‘वाऽऽ’ आलं, बरोबर समेवर, ना आधी ना नंतर. आमच्यातले वीस वर्षं ऐकणारे बरेच त्यांच्यामागून हलले. मध्यंतरात त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, ‘तुमच्यात टाळ्या कधी वाजवायच्या?’ मी म्हटलं, तुम्ही मघाशी केलंत ना, तेच.

पुढच्या महिन्यात ते सहाजण आले. कार्तिकात आम्ही त्यांच्या मंदिरात गेलो, त्यांनी रात्रभर भजन केलं आणि आम्ही ऐकलं. मला त्या रात्री पखवाजाच्या जागा वाजवू दिल्या नाहीत, म्हणाले, आधी ऐका. बरोबरच होतं. आज आमच्या बैठकीला येणाऱ्यांतले चौथा भाग माणसं या भजनी मंडळातून आणि त्यांच्या ओळखीतून आली आहेत. हे मी इतकं सविस्तर सांगतोय, कारण तुमच्या प्रश्नात ‘इथे जाणकार श्रोताच नाही’ असं एक वाक्य आहे. तालुक्याच्या गावात झपताल न समजणारा माणूस शोधावा लागतो. तो झपताल म्हणत नाही एवढंच. भजनी मंडळ, बँडवाले, चर्चमध्ये गाणारे असतील तर ते, दर्ग्यात कव्वाली म्हणणारे, तमाशातून निवृत्त झालेले ढोलकीवाले: यांच्याकडे आधी तुम्ही जा. त्यांच्या जागी, त्यांच्या वेळेला, त्यांचं ऐकायला.

चेन्नईत कर्नाटक संगीत गाणारे टी. एम. कृष्णा आणि त्यांच्याबरोबरच्या मंडळींनी २०१५ मध्ये ऊरूर ऑल्कॉट कुप्पम या कोळ्यांच्या वस्तीत महोत्सव सुरू केला तो याच विचाराने. कर्नाटक संगीत मैलापूरच्या सभागृहांतून वस्तीत न्यायचं, आणि तिथेच त्याच्या शेजारी परईसारखी वाद्यं आणि विल्लुपाट्टूसारखी लोकगायकी ठेवायची. त्यावर बरेच वाद झाले, मला सगळं पटतं असं नाही. पण आपण ‘लोकांपर्यंत संगीत पोचवतो’ म्हणतो तेव्हा लोकांकडे आधीच संगीत असतं, हे तिथे धरलेलं दिसतं. आपल्याकडे गोव्यातल्या वास्कोचा दामोदर भजनी सप्ताह बघा. श्रावणात चोवीस तास अखंड भजन, वेगवेगळ्या व्यावसायिक समाजांचे पार, म्हणजे भजनी मिरवणुका, त्यांच्या बैठका, नामवंत गायक. खर्च त्या त्या समाजाचा. शंभर वर्षांहून जास्त चाललंय, कारण कुणा एका संस्थेच्या डोक्यावर ते नाही.

आता पैसे. तुमचा हिशेब वाचला. गायकांच्या मानधनापेक्षा हॉल, साउंड, फ्लेक्स आणि जेवणावळीवर जास्त गेले आहेत. फ्लेक्सवर तुमचे चौघांचे फोटोही होते म्हणे. असो, ते वय असतं.

माझं मत तिकिटाच्या विरुद्ध आणि वर्गणीच्या बाजूने आहे. तिकीट काढणारा माणूस दर वेळी नव्याने ठरवतो, यावं की नाही. वर्षाची वर्गणी भरलेला माणूस येतोच, कारण पैसे गेलेले असतात. समजा साठ सभासद, वर्षाला १,५०० रुपये. ९०,००० झाले. बारा बैठका, प्रत्येकीला मानधनाचे ६,००० धरले तर ७२,०००. उरले १८,०००, म्हणजे बैठकीमागे १,५००. त्यात चहा, जाजम धुणं, एखादा प्रवासखर्च. भाडं शून्य धरलंय, म्हणून जागा माडीवरची हवी. एवढ्यात बाहेरगावचा कलाकार दर महिन्याला येणार नाही, हे खरं. त्यासाठी आम्ही ‘यजमान’ ठेवतो. वर्षातून चार-पाच बैठका एखाद्या घराने आपल्या आईच्या, आजोबांच्या स्मरणार्थ घ्यायच्या. फरक एवढाच की बॅनर लागत नाही, सत्कार होत नाही. सुरुवातीला दोन ओळी वाचायच्या आणि गाणं सुरू. पहिल्यांदा एका यजमानांना हे फार लागलं. दुसऱ्या वर्षी त्यांनीच दुसऱ्यांना सांगितलं, की इथे भाषण नसतं म्हणून बरं वाटतं.

मोठ्या प्रायोजकाकडे आम्ही एकदा गेलो. कंपनीचं नाव सांगत नाही. पैसे दिले, मग मागे पडदा त्यांचा, मधे पंधरा मिनिटं त्यांची, पहिल्या दोन रांगा त्यांच्या पाहुण्यांच्या, आणि हे पाहुणे बडा ख्याल, म्हणजे सुरुवातीचा संथ भाग, संपायच्या आत उठून गेले. दुसऱ्या वर्षी कंपनीचे साहेब बदलले, पैसे बंद. आणि आमच्या सभासदांनीही तोवर वर्गणी कमी करून टाकली होती, ‘आता तुम्हाला मिळतात ना’ म्हणून. दोन्हीकडून गेलो.

इमारतीच्या मोहात तर मुळीच पडू नका. तुम्ही लिहिलंय, पाच वर्षांत स्वतःचं सभागृह. आपल्याच भागातले पंडित विष्णु दिगंबर पलुसकर, कुरुंदवाडचे, मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकलेले. राजदरबार सोडून लोकांसमोर तिकीट लावून गाणाऱ्या पहिल्या गवयांतले ते एक. ५ मे १९०१ ला त्यांनी लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, संस्थानिकाच्या नव्हे तर लोकांच्या पैशावर; स्वतः गावोगाव गाऊन त्यात भर घालत राहिले. पुढे मुंबईत विद्यालयासाठी मोठी इमारत उभी केली आणि तिच्या कर्जापायी ती इमारत गेली. शिष्य मात्र देशभर पसरले, त्यांनी विद्यालयं काढली, परीक्षा मंडळ उभं राहिलं. इतक्या मोठ्या माणसाची ही गत झाली, आपण पेटीवाले-तबलेवाले. कोल्हापूरचा देवल क्लब १८८३ पासून आहे हे मला ठाऊक आहे आणि त्याचा आदरही आहे, पण त्याच्यामागे एक अख्खं संस्थान होतं. तुमच्यामागे एक पतपेढी आहे.

इमारतीऐवजी वाद्यं घ्या, आणि ती बैठकीच्या नावावर ठेवा. दोन तानपुरे, एक पुरुषी आणि एक बायकी पट्टीचा, हीच पहिली खरेदी असू द्या. मिरज तुमच्यापासून फार लांब नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते नसतं तरी मी हेच सांगितलं असतं. कारागिराच्या दुकानात अर्धा दिवस बसा, पंढरपूरकडून आलेल्या वाळलेल्या भोपळ्यांच्या राशीत, आणि तुमच्यासमोर जवारी काढून घ्या, म्हणजे तारा गुंजाव्यात म्हणून घोडी घासून घ्या. डबीतला, इलेक्ट्रॉनिक तानपुरा चालतो, मीही वापरतो. पण खरे दोन तानपुरे जुळले की खोलीतली कुजबुज आपोआप बंद होते, ती डबीने होत नाही. शिवाय तानपुऱ्याला बसायला गावातली विद्यार्थिनी लागते. दर महिन्याला वेगवेगळ्या क्लासमधून दोन मुलं बोलवा. ‘विशारद’ परीक्षा पास झालेली आणि एकही मैफल पूर्ण न ऐकलेली मुलं मी ढिगाने पाहिली आहेत. तानपुरा हातात असला की उठून जाता येत नाही.

वाद्यांबरोबर एक काळी एकची आणि एक काळी चारची जोडी पण ठेवा. कारण वर सांगितलंय. पावसाळ्यात दोन्ही जोड्या बैठकीच्या तासभर आधी पिवळ्या बल्बखाली ठेवा. दमट हवेत डग्गा बसतो आणि आवाज ओल्या पोत्यासारखा येतो. आजकालच्या एलईडीला उष्णता नसते, जुना बल्ब शोधून ठेवा.

आता साथीदारांविषयी बोलतो, आणि इथे मी तटस्थ नाही. पाकिटाची वाटणी कशी करता हे तुम्ही लिहिलंच नाही. मोठ्या कार्यक्रमांत मुख्य कलाकाराला जे मिळतं त्याच्या दहाव्या हिश्शावर तबला-पेटी उठतात. अनेकदा पाकीट मुख्य कलाकाराच्या हातात जातं आणि तिथून पुढे काय होतं ते देवाला ठाऊक. एका मंडळाने मला शाल-नारळ देऊन ‘पाकीट पाठवून देतो’ म्हटलं त्याला आता अकरा वर्षं झाली. नारळाची चटणी कधीच झाली. आमच्याकडे अर्धे मुख्य कलाकाराला, आणि पाव-पाव तबला आणि पेटीला. तिघांची पाकिटं वेगळी, नावं घालून, आणि ती चहाच्या आधी द्यायची. चहानंतर गर्दी होते, कुणी फोटो काढतो, पाकीट राहतं, आणि साथीदाराला मागायला लाज वाटते. काही गायकांनी यावर नाराजी दाखवली. त्यांना पुन्हा बोलावलं नाही.

‘अनुभव मिळेल म्हणून फुकट वाजवा’ हे कुणालाही म्हणू नका, तुमच्या विद्यार्थ्यालाही नाही. तुम्ही मिरजेच्या उरुसाचं उदाहरण दिलंय, की तिथे मोठमोठे कलाकार बिदागी न घेता गातात. खरं आहे. मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे; १९३७ मध्ये ते गेले, त्यानंतर गवई तिथे हजेरी लावतात. पण हजेरी वेगळी आणि फुकट वेगळं. हजेरी कलाकार स्वतःहून लावतो, पीराला आणि खाँसाहेबांना; तिथे कुणाचा बॅनर नसतो. तुमच्या पहिल्या कार्यक्रमाला साथीदारांनी फुकट वाजवलं ती हजेरी नव्हती, ती तुमची खोट त्यांनी भरून काढली.

या पाकिटांच्या विचारातूनच आमच्याकडे एक छोटा निधी सुरू झाला. वर्गणीतला ठरावीक भाग दर महिन्याला बाजूला. टाळेबंदीत बैठका नव्हत्या पण वर्गणी आली, तेव्हा तो भाग मोठा झाला आणि आधी गेला तो तबल्याला पुड्या चढवणाऱ्या कारागिराकडे, मग माईकवाल्याकडे, मग दोन लावणी-पार्टीतल्या ढोलकीवाल्यांकडे. कलाकारांसाठी निधी गोळा करताना लोकांना फक्त स्टेजवरचे दिसतात. पुडी चढवणारा बसला तर सहा महिन्यांनी आम्ही सगळेच बसतो.

ऑनलाइनचं तुम्ही विचारलंय. थेट प्रक्षेपण करू नका, निदान पहिली दोन वर्षं तरी. घरी बसून बघता येतं म्हटलं की तुमच्या तीसातले दहा घरी बसतील, आणि ते बघणारही नाहीत. ध्वनिमुद्रण मात्र प्रत्येक बैठकीचं करा, पण कलाकाराची लेखी परवानगी घेऊन. सादरकर्त्याला त्याच्या सादरीकरणावर कायद्याने हक्क आहे, तो पन्नास वर्षं टिकतो. आपण खोली दिली म्हणून आवाज आपला होत नाही. परवानगीत तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: जपून ठेवायला, विद्यार्थ्यांना ऐकवायला, आणि इंटरनेटवर टाकायला. बरेच कलाकार पहिल्या दोनला हो म्हणतात, तिसऱ्याला नाही. तोही हक्क त्यांचा. आणि टाकलंत तर एक गंमत होईल, तयार राहा: शेकडो वर्षांची पारंपरिक बंदिश, गाणारी तुमच्यासमोर बसून गायलेली, तरी कुठल्या तरी ध्वनिमुद्रण कंपनीचा दावा त्या व्हिडिओवर येईल, कारण यंत्राला दोघांनी गायलेल्या भूप रागातला फरक कळत नाही. आक्षेप नोंदवता येतो, वेळ जातो.

नोंदणी पहिल्या दिवशी करायची गरज नाही. वर्गणी एका माणसाच्या खात्यात जमा होऊ लागली की मात्र भांडण जवळ आलं म्हणून समजा. तेव्हा सातजण मिळून संस्था नोंदवा, धर्मादाय आयुक्तांकडे. त्यात चौघांपेक्षा जास्त वादक नकोत. उरलेले तिघे ऐकणारे असू देत, त्यातली एक हिशेबाची पक्की बाई. आमचा हिशेब पोस्टातून निवृत्त झालेल्या एका बाई बघतात. त्यांना राग ओळखता येत नाही आणि चार रुपयेही सुटत नाहीत.

शेवटी, तुम्ही चौघांनी कधी वाजवायचं. तुमच्या दोन्ही कार्यक्रमांत सुरुवातीची पाऊण तास सतार-बासरीची जुगलबंदी होती. ती बंद करा. आयोजक पाहुण्यांच्या आधी वाजवतो तेव्हा लोक आयोजकासाठी थांबतात आणि पाहुण्यांच्या वेळी घड्याळ बघतात. शिवाय हळूहळू असं होतं की ‘तुम्ही आम्हाला बोलवा, आम्ही तुम्हाला बोलावतो’. हा व्यवहार आपल्याकडच्या किती मंडळांना खाऊन गेला ते मी मोजलेलं नाही. भीमसेन जोशींचं उदाहरण तुम्ही द्याल. १९५३ पासून गुरूच्या नावाने त्यांनी महोत्सव उभा केला, स्वतः राबले आणि स्वतः गायलेही. बरोबर, पण ते गायचे शेवटी. सगळे पाहुणे झाल्यावर. आणि ते भीमसेन होते.

तुमच्यासाठी मी असं सुचवीन. वर्षभर चौघांपैकी कुणीही मुख्य कलाकार म्हणून बसायचं नाही. तबलजी आणि पेटीवाल्या बाईंनी साथ करावी, ती हवीच. बाहेरच्या गायकाबरोबर गावचा तबला बसला की तो तबलाही वाढतो. सतार आणि बासरीने जाजम घालावं, तानपुरे लावावेत, दाराशी उभं राहावं. बाराव्या महिन्यात, गुरुपौर्णिमेच्या आसपास आली तर उत्तम, एक संध्याकाळ तुमची चौघांची. त्या दिवशीही पाकिटं करा, चौघांच्या नावाची, ठरलेल्या रकमेची. घेऊन पुन्हा निधीत टाकायची असतील तर टाका, पण आधी वहीत मानधन म्हणून लिहा आणि पोस्टातल्या बाईंसारखं जे कुणी तुम्हाला मिळेल त्यांची सही घ्या.

जुलैमधला दुसरा शनिवार आमचा आहे, तेव्हा तुम्ही तिसरा धरा. मिरजेला तानपुरे बघायला याल तेव्हा आदल्या दिवशी कळवा, मी बरोबर येतो. जवारी ऐकायला चार कान लागतात.